'मे' या क्रियापदाची कुळकथा

वर्गाच्या दाराशी उशिरा पोहोचलेले मूल जे इंग्रजी वाक्य उच्चारते, ते मुंबईत, इंदुरात, बडोद्यात किंवा बेळगावात सारखेच असते : 'मे आय कम इन, सर?' त्याने चुकून 'कॅन आय' असे म्हटले, तर काटेकोर शिक्षक त्याला उंबरठ्यावरच अडवतात. आत येण्याचे बळ तुझ्या पायांत आहे की नाही, हे तुझे तुला ठाऊक; तू परवानगी मागतो आहेस ना? मग 'मे' म्हण. 'कॅन' म्हणजे शक्ती आणि 'मे' म्हणजे परवानगी, हा धडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो खोटा नाही. पण इंग्रजी भाषेच्या दीर्घ आयुष्यात तो बराच अलीकडचा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंग्रजाला हा नियम सांगितला असता, तर तो बुचकळ्यात पडला असता. कारण त्याच्या बोलीत शक्ती दाखविणारे क्रियापद 'मे' हेच होते.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचे प्रथम व तृतीय पुरुषी एकवचनी रूप 'मॅय' असे होते, आणि त्याचा अर्थ 'मला बळ आहे, मी समर्थ आहे' असा होता. सामर्थ्य या अर्थाचे 'माइट' हे इंग्रजी नाम याच धातूचे अपत्य होय. 'बळी तो कान पिळी' या आपल्या म्हणीला इंग्रजीत 'माइट इज राइट' असे जे म्हणतात, त्यातला 'माइट' तो हाच. गंमत अशी की, 'मे' चे भूतकाळी रूपही लिहिण्यात आणि बोलण्यात 'माइट' असेच आहे. ते आज इतके दुबळे झाले आहे की, 'तो कदाचित येईलही' अशा अर्ध्याकच्च्या शंकेपलीकडे त्याच्याने काही दाखविले जात नाही. एकाच मुळापासून निघालेल्या दोन शब्दांपैकी एकाने साऱ्या बळाचा वारसा घ्यावा आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता संशय यावा, अशी ही वाटणी आहे. या 'माइट' च्या स्पेलिंगमध्ये जी दोन मुकी अक्षरे विद्यार्थ्यांना छळतात, तीही उगाच आलेली नाहीत. एके काळी तेथे घशातून निघणारा 'ख' सारखा उच्चार होता. इंग्रजांनी तो टाकला. जर्मनांनी सत्ता या अर्थाच्या 'माख्ट' या शब्दात तो अद्याप जपला आहे.

या घराण्याचा विस्तार मोठा आहे. भीतीने किंवा निराशेने गळून जाणे या अर्थी इंग्रजीत 'डिस्मे' हा शब्द आहे. तो फ्रेंचमधून आला. पण त्याच्या पोटात जर्मानिक शाखेतला हाच धातू आहे, आणि त्याचा मूळ भाव 'बळ काढून घेणे' असा आहे. मराठीत अशा वेळी माणसाचे हातपाय गळतात, कल्पना एकच. उपाय, साधन, युक्ती या अर्थाचा जो ग्रीक शब्द लॅटिनच्या वाटेने 'मशीन' होऊन आपल्या शिंप्याच्या दुकानात येऊन बसला, तोही याच मूळ धातूचा असल्याचे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. इंद्राच्या 'मघवन्' या वैदिक नावातील 'मघ' शब्दाशीही 'मे' चे नाते जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. मात्र तो सर्वांना पटलेला नाही. मे महिन्याचा मात्र या क्रियापदाशी काही संबंध नाही. तो बिचारा माया नावाच्या रोमन देवतेचा.

मग शक्तीचा अर्थ 'मे' कडून 'कॅन' कडे गेला कसा? 'कॅन' चा मूळ अर्थ शक्ती नव्हे, ज्ञान. संस्कृतातील 'ज्ञा' आणि मराठीतील 'जाणणे' ही त्याची सख्खी भावंडे आहेत. जो पोहणे जाणतो तो पोहू शकतो. जो घोड्यावर बसणे जाणतो तो बसू शकतो. जाणण्यातून शकणे निघाले, आणि हळूहळू 'कॅन' हे क्रियापद सर्व प्रकारच्या सामर्थ्याचे वाचक झाले. मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. 'मला पोहता येते' असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही विद्या आणि शक्ती यांची मोट एकाच क्रियापदात बांधलेली असते.

आपल्या जागेवर 'कॅन' येऊन बसल्यावर 'मे' ला दुसरे घर शोधावे लागले. शक्ती म्हणजे एका अर्थी अडथळ्याचा अभाव. तो अडथळा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा किंवा अधिकाऱ्याचा असेल आणि त्याने तो दूर केला असेल, तर शक्तीची परवानगी होते. अडथळा परिस्थितीचा असेल आणि तो नाही असे दिसत असेल, तर शक्तीची शक्यता होते. आणि अडथळा दैवाचा असेल व तो नसावा अशी प्रार्थना असेल, तर 'मे' आशीर्वाद देऊ लागते. 'देव तुझे कल्याण करो' हे इंग्रजीत सांगायचे तर वाक्याचा आरंभ 'मे' ने करावा लागतो.

बळ, मुभा, संभव आणि शुभेच्छा असे चार निरनिराळे भाव एका एकाक्षरी शब्दात येऊन राहिले आहेत. यात इंग्रजीचे काही विशेष आहे असे नव्हे. संस्कृत 'शक्' धातूनेही याच वाटेने प्रवास केला. शक्ती, शक्य, शक्यता हे तीन शब्द ओळीने ठेवून पाहावेत. आकाशवाणीच्या बातम्यांत 'तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे' असे सांगितले जाते, तेव्हा त्यात कोणाच्याही शक्तीचा प्रश्न नसतो. पण शब्द शक्तीच्याच पोटचा आहे. फरक इतकाच की, आपल्याकडे अर्थ बदलताना शब्दाने रूपही बदलले. इंग्रजीत रूप तेच राहिले आणि आतला अर्थ ओळखण्याचे काम ऐकणाऱ्यावर पडले. जर्मनांनी तर आणखी निराळेच केले. त्यांच्याकडे हेच क्रियापद शेवटी आवडीच्या अर्थाला जाऊन पोहोचले. त्यांना कॉफी किंवा संगीत आवडते, ते या क्रियापदाने.

व्याकरणात 'मे' चा एक हट्ट प्रसिद्ध आहे. 'ही', 'शी' हे कर्ते आले की इंग्रजी क्रियापदाला 'एस' लागतो, हे प्राथमिक शाळेतले मूलही सांगते. पण 'मे' ला तो लागत नाही. 'कॅन', 'शॅल', 'मस्ट' यांनाही नाही. याचे कारण असे की, ही रूपे घडणीने भूतकाळी आहेत आणि अर्थाने वर्तमानकाळी. एखादी क्रिया घडून गेली आणि तिचे फळ आज हाती आहे, अशा जाणिवेतून ती निघाली. मराठीत याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. 'मला भूक लागली' या वाक्यातील क्रियापद भूतकाळी आहे, भूक मात्र आत्ताची आहे. 'समजले' असे म्हणणाऱ्याला 'आता समजते आहे' असेच सांगायचे असते. जर्मानिक भाषांच्या भूतकाळी रूपांना तृतीय पुरुषी एकवचनाचा वर्तमानकाळी प्रत्यय नव्हता. म्हणून तो 'मे' ला कधी लागलाच नाही.

सरकारी कचेरीत मात्र या क्रियापदाने निराळाच संसार थाटला. कनिष्ठ लिपिक फाइलवर टिपणी लिहितो आणि शेवटी 'प्रस्ताव मंजूर करण्यात यावा' अशा आशयाचे वाक्य इंग्रजीत 'मे बी' घालून लिहितो. आता येथे 'मे' चा कोणता अर्थ घ्यावयाचा? लिपिक आपल्या वरिष्ठाला परवानगी देत नाही. ती त्याची पायरी नव्हे. मंजुरी मिळण्याचा संभव आहे, असे भाकितही तो करीत नाही. तो शिफारस करतो आहे. पण ती इतक्या लवून की, प्रस्ताव पुढे अंगाशी आला तर शिफारस केली होती असे कोणाला छातीठोकपणे सांगता येऊ नये. 'मे प्लीज सी' हा दुसरा प्रकार. साहेबांनी कागद पाहावा, एवढेच त्यात असते. मराठीत टिपण्या लिहिल्या जाऊ लागल्या तेव्हा हा सारा लवचीकपणा 'यावा, यावी, यावे' या प्रत्ययांनी सांभाळला. 'मान्यता देण्यास हरकत नसावी' हे वाक्य तर या कलेचा कळसच म्हटले पाहिजे. त्यात मान्यता आहे, हरकत आहे, नकार आहे आणि त्या नकाराविषयी शंकाही आहे. नाही तो फक्त लिहिणारा.

राज्याचा कारभार मराठीतून चालावयाचा, तर प्रथम कायद्याची भाषा घडविली पाहिजे, हे ओळखून महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. इंग्रजी कायद्यांचे मराठी रूप सिद्ध करणाऱ्यांपुढे 'मे' आणि 'शॅल' ही जोडी रोजच उभी राहते. 'शॅल' म्हणजे कर्तव्य, 'मे' म्हणजे अधिकार, हा कायद्याच्या भाषेचा श्रीगणेशा. त्यांपैकी 'शॅल' साठी मराठीत बहुधा साधा भविष्यकाळ वापरतात. 'समिती आपला अहवाल सादर करील' हे वाक्य कायद्यात आज्ञा असते. वर्तमानपत्रात ती नुसती बातमी असते. 'मे' ला 'करता येईल' हा प्रयोग चांगला साधला आहे. 'राज्य शासनास नियम करता येतील' या वाक्यात शासन कर्त्याच्या डौलाने येत नाही. ते 'स' हा प्रत्यय लावून, जणू देणे घेण्यासाठी हात पुढे करून उभे असते. अधिकार हा स्वयंभू नसून विधानमंडळाने दिलेला असतो, ही गोष्ट मराठी वाक्यरचनेने इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी दाखविली, असे म्हणावयास हरकत नाही.

पण अधिकार दिला म्हणजे तो वापरलाच पाहिजे का? या प्रश्नावर न्यायालयांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. विलायतेत ज्युलियस नावाच्या गृहस्थाने आपल्या गावच्या धर्मगुरूच्या पूजापद्धतीविरुद्ध ऑक्सफर्डच्या बिशपकडे तक्रार केली आणि चौकशी नेमण्याचा आग्रह धरला. बिशपने नकार दिला. कायद्यात चौकशी नेमणे बिशपला 'विधिसंमत असेल' अशा अर्थाचे शब्द होते. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेले आणि १८८० साली निकाल लागला की, असे शब्द अधिकार देतात, सक्ती करीत नाहीत. बिशपला नकार देण्याची मोकळीक आहे. तथापि त्याच निकालात एक खुंटीही मारून ठेवली गेली. ज्याच्यासाठी तो अधिकार दिला आहे, त्याच्या हक्काचा प्रश्न असेल, तर अधिकाराला कर्तव्य जोडलेले असू शकते. मात्र ते कर्तव्य त्या शब्दांतून निघत नाही, भोवतालच्या संदर्भातून निघते.

आपल्या संविधानाच्या एकशे त्रेचाळिसाव्या अनुच्छेदात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. राष्ट्रपतींनी सल्ला विचारला असता पहिल्या खंडाखाली सर्वोच्च न्यायालयासाठी 'मे' आहे, दुसऱ्या खंडाखाली 'शॅल'. केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना न्यायालयाने १९५८ साली हा भेद नोंदवून ठेवला होता की, पहिल्या खंडाखाली योग्य कारणासाठी मत देण्याचे नाकारता येते. पुढे १९९४ साली अयोध्या प्रकरणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता न्यायालयाने तो परत केला.

याच्या उलट टोकाचा निकाल १९६३ सालचा आहे. उत्तर प्रदेशात सरकारी सेवकांच्या शिस्तभंगाच्या चौकशीसंबंधी एक नियम होता. राजपत्रित सेवकाने स्वतः विनंती केल्यास राज्यपालांना त्याचे प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे पाठविता येईल, असे त्यात म्हटले होते. जोगेंद्रसिंग नावाच्या अधिकाऱ्याने तशी विनंती केली आणि ती मान्य झाली नाही. सरकारचे म्हणणे सरळ होते : नियमात 'मे' आहे, तेव्हा पाठवायचे की नाही ही आमची मर्जी. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिला. त्यांनी असे दाखविले की, मर्जीनुसार प्रकरण पाठविण्याचा अधिकार त्याच नियमाच्या आधीच्या पोटकलमाने दिलेलाच आहे. सेवकाच्या विनंतीचा स्वतंत्र उल्लेख असलेल्या पोटकलमातही पुन्हा मर्जीच असेल, तर ते पोटकलम लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून येथे 'मे' म्हणजे 'शॅल'. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाचे संपादक. शास्त्रातील एकही वाक्य व्यर्थ ठरेल असा अर्थ लावू नये, हा मीमांसकांचा जुना दंडक जाणणाऱ्याला हा युक्तिवाद घरचा वाटावा, यात नवल नाही.

एका अधिकाऱ्याच्या चौकशीचा प्रश्न असा सुटला. पण १९६३ सालीच या क्रियापदावर देशाच्या संसदेत जो वाद झाला, तो कोणत्याही न्यायालयात सुटण्यासारखा नव्हता.

संविधानाच्या तीनशे त्रेचाळिसाव्या अनुच्छेदाने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरविली आणि पंधरा वर्षेपर्यंत इंग्रजीचा वापर चालू राहील असे म्हटले. तेथे क्रियापद 'शॅल' होते. ही पंधरा वर्षे २६ जानेवारी १९६५ रोजी संपणार होती. त्यानंतर काय, याची चिंता हिंदी मातृभाषा नसलेल्या प्रांतांत, विशेषतः मद्रासमध्ये, फार होती. पंडित नेहरूंनी १९५९ साली लोकसभेत आश्वासन दिले होते की, या लोकांना हवी असेल तोवर इंग्रजी सहभाषा म्हणून राहील. त्याला कायद्याचे रूप देण्यासाठी १९६३ साली गृहमंत्री लालबहादुर शास्त्री यांनी राजभाषा विधेयक मांडले. त्याच्या तिसऱ्या कलमात मुदत संपल्यावरही हिंदीच्या जोडीला इंग्रजीचा वापर चालू राहण्याची तरतूद होती; पण तेथे क्रियापद 'मे' होते.

मराठीत सांगायचे तर, 'इंग्रजीचा वापर चालू राहील' असे न म्हणता 'चालू ठेवता येईल' असे म्हटले होते. ठेवता येईल, म्हणजे न ठेवताही येईल. आणि ते ठरविणार कोण? द्रविड मुन्नेत्र कळघमचे नेते अण्णादुराई तेव्हा राज्यसभेत होते. त्यांचा आणि इतर विरोधकांचा आक्षेप नेमका हाच होता की, या शब्दाचा अर्थ उद्या 'मे नॉट' असाही लावता येईल. नेहरूंचे म्हणणे असे की, या संदर्भात 'मे' आणि 'शॅल' यांचा अर्थ एकच आहे. त्यावर विरोधकांचा प्रश्न होता की, अर्थ एकच असेल तर 'शॅल' घालण्यास अडचण कोणती? हा प्रश्न बिनतोड होता, हे मान्य केले पाहिजे. दोन शब्द सारखेच असतील, तर ज्याला भीती वाटते त्याच्या पसंतीचा शब्द घेण्यात काही जात नाही. तरीही शब्द बदलला नाही आणि विधेयक १९६३ च्या मे महिन्यात कायदा झाले.

आश्वासन देणारा माणूस असेपर्यंत शब्दाची उणीव त्याच्या वचनाने भरून निघत होती. २७ मे १९६४ रोजी नेहरू निवर्तले. पुढच्या जानेवारीत मुदत संपत आली आणि मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. गोळीबार झाले, कित्येकांचे प्राण गेले, काहींनी स्वतःला जाळून घेतले. केंद्रातील सी. सुब्रह्मण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. ११ फेब्रुवारी १९६५ रोजी शास्त्रीजींनी पंतप्रधान या नात्याने आकाशवाणीवरून भाषण करून नेहरूंच्या आश्वासनाला बाध येणार नाही असे देशाला सांगितले. या साऱ्या दुःखाचे खापर एका क्रियापदावर फोडणे अर्थातच अन्यायाचे होईल. भाषेमागे नोकऱ्यांचा, शिक्षणाचा आणि प्रांतांच्या मानाचा प्रश्न होता. पण ज्या शब्दाचे चार अर्थ होतात, तो शब्द परस्पर अविश्वासाच्या काळात कोणालाच पुरा पडत नाही. ज्याला देऊ केले त्याला त्यात संभव दिसतो, देणाऱ्याला त्यात मुभा दिसते, आणि ज्याला द्यायचेच नसते त्याला त्यात पळवाट दिसते.

शेवटी डिसेंबर १९६७ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि जानेवारी १९६८ मध्ये ती अमलात आली. तिसऱ्या कलमाच्या पहिल्या वाक्यातील 'मे' तिने काढला नाही. तो आजही आपल्या जागी आहे. मात्र त्याच्या पुढेमागे 'शॅल' चे पहारेकरी उभे केले. ज्या राज्याने हिंदी ही आपली राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही, त्याच्याशी संघराज्याचा पत्रव्यवहार इंग्रजीत होईल. ठराव, सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना यांसाठी हिंदी आणि इंग्रजी दोन्ही वापरल्या जातील. आणि याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात असे लिहिले की, हिंदी न स्वीकारलेल्या सर्व राज्यांची विधानमंडळे इंग्रजीचा वापर थांबविण्याचे ठराव करीत नाहीत आणि ते लक्षात घेऊन संसदेची दोन्ही सभागृहे तसा ठराव करीत नाहीत, तोपर्यंत या तरतुदी अमलात राहतील. त्या 'राहतील' च्या जागी इंग्रजीत जे क्रियापद आहे, ते 'शॅल'.